भाडं तू भरतोस, पण अंग त्याचं आहे

(पत्र थोडक्यात देतोय. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

पत्र लिहिणारा ३३ वर्षांचा, पुण्यात आयटीत. अडीच वर्षांपासून २६ वर्षांच्या जोडीदारासोबत राहतोय, सोसायटीत मावसभाऊ म्हणून सांगितलंय. जोडीदार परभणीकडचा, एमपीएससी करतोय, पूर्व परीक्षा अडीच महिन्यांवर आलीय. भाडं, किराणा, अभ्यासिकेची फी सगळं पत्र लिहिणाराच भरतो. नवरात्रात ऑफिसच्या कामाने मुंबईला गेलेला असताना डेटिंग अ‍ॅपवरून एका मुलाशी भेट झाली, निघताना त्या मुलाने कॅबला म्हणून पैसे मागितले, याने २ हजार यूपीआय केले. दिवाळीच्या सुमारास लिंगावर एक न दुखणारी जखम आली आणि आपोआप गेली. संक्रांतीला तळहातांवर चट्टे उठले तेव्हा स्किनच्या डॉक्टरांकडे गेला, सिफिलिस निघाला, एचआयव्ही निगेटिव्ह. इंजेक्शन घेतलंय. मधल्या काळात घरी कंडोमशिवाय संबंध आलेत. जोडीदाराला यातलं काहीच माहीत नाही.

त्याचे प्रश्न: "त्याची परीक्षा होईपर्यंत गप्प बसू का? की फुल बॉडी चेकअपचं पॅकेज घेऊन त्यात ही टेस्ट गुपचूप घालू? मुंबईच्या मुलाला तर पैसे देऊन झालेत, तिथला हिशोब मिटला ना? आणि शिवजयंतीला ऑफिसात रक्तदान शिबिर असतं, मी दरवर्षी देतो, या वर्षी काय सांगू?"

मित्रा,

तुझ्या पत्रात एक ओळ आहे, तू ती घाईत लिहिल्यासारखी वाटली पण मी तिथेच अडकलो. इंजेक्शन घेऊन आलास त्या रात्री तुला हुडहुडी भरून ताप आला आणि तुझा जोडीदार पहाटे तीनपर्यंत मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या तुझ्या कपाळावर ठेवत बसला, मधेच उठून पॉलिटीचं पुस्तक घेऊन आला आणि तुझ्या उशाशी बसून वाचत राहिला. तू त्याला व्हायरल आहे म्हणालास. तो व्हायरल नव्हता. पेनिसिलिनने जंतू एकदम मरायला लागले की पहिल्या २४ तासांत बऱ्याच जणांना असा ताप येतो आणि उतरतो, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण ज्याने रात्रभर बसून तो उतरवला त्याच्या अंगात तेच जंतू असू शकतात, आणि त्याला हे सांगू शकणारा माणूस त्या घरात एकच आहे.

म्हणून आधी सरळ उत्तर देतो, बाकीचं नंतर बोलू. परीक्षेपर्यंत थांबू नकोस. चेकअपच्या आडून काही करू नकोस. या आठवड्यात सांग.

तुझ्या पत्रावरून असं दिसतं की मी औषध घेतलं म्हणजे विषय संपला असं तुला वाटतंय. तुझ्या एकट्यापुरता बराचसा संपला असेलही. पण सिफिलिस, म्हणजे आपल्याकडे जुनी माणसं ज्याला गरमी म्हणायची तो, एकदा झाला आणि बरा झाला म्हणून पुन्हा होत नाही असं नसतं, अंगात काही कायमची प्रतिकारशक्ती तयार होत नाही. त्याला झालेला असेल आणि तू त्याला न सांगता पुन्हा त्याच्यासोबत झोपलास तर तो आजार परत तुझ्याकडे येईल. तू लिहितोस त्याला काहीच लक्षणं नाहीत. अरे, तुझीच जखम दुखत नव्हती म्हणून तू ती महिनाभर सोडून दिलीस ना? जखम गुदद्वाराच्या आत असू शकते, घशात असू शकते, दिसतही नाही, दुखतही नाही, ३ ते ६ आठवड्यांत आपोआप भरते आणि माणसाला वाटतं गेलं. गेलेलं नसतं, आत शांतपणे चालू असतं. सुरुवातीला पकडला तर बेन्झाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं एकदा इंजेक्शन पुरतं, जे तुला मिळालं. वर्षाच्या वर गेला किंवा कधी झाला तेच कळत नसेल तर तेच इंजेक्शन दर आठवड्याला एक असं तीन आठवडे घ्यावं लागतं. डोळ्यांवर, कानांवर, मेंदूवर तर तो कुठल्याही टप्प्यात जाऊ शकतो. तू त्याच्या परीक्षेची काळजी करतोयस, आणि परीक्षा देणाऱ्या मुलाचे डोळे त्यात पणाला लागतात.

अजून एक, हे फार जणांना माहीत नसतं. गेल्या तीन महिन्यांत ज्याचा संबंध आलाय त्याची टेस्ट निगेटिव्ह आली तरी डॉक्टर सहसा इंजेक्शन देऊनच टाकतात, कारण रक्तात दिसायला वेळ लागतो. म्हणजे तुझा तो गुपचूप चेकअपचा प्लॅन वैद्यकीय दृष्टीनेही कामाचा नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आला की तू निश्चिंत होशील, तो विनाउपचार राहील.

मुंबईत कंडोम वापरला होता मग कसं झालं, असंही विचारलंयस. कंडोम जेवढं झाकतो तेवढंच वाचवतो. जखम कंडोमच्या बाहेरच्या भागावर असेल तर होतो, तोंडाने करताना तर आपल्यातले बहुतेक जण कंडोम वापरतच नाहीत, तिथून होतो, ओठावर किंवा तोंडात जखम असेल तर नुसत्या चुंबनातूनही होतो. म्हणून कंडोम वापरणं फुकट गेलं असं म्हणू नकोस, एचआयव्हीपासून त्यानेच वाचवलं असेल. पण ती एचआयव्ही टेस्ट तीन महिने उलटल्यावरची होती का ते तारखा लावून बघ, नसेल तर परत कर. सिफिलिसची जखम असताना एचआयव्ही शिरायला वाट सोपी होते, म्हणून दोघांनी करायची.

आता चेकअपचं, कारण मला वाटतं तुझा जीव खरा तिथे अडकलाय. तुला वाटतंय हा मधला मार्ग आहे, त्याची तब्येतही सांभाळली जाईल आणि तुला तोंडही उघडावं लागणार नाही. समज रिपोर्ट आला आणि त्यात व्हीडीआरएल (सिफिलिसची रक्ततपासणी) रिअ‍ॅक्टिव्ह निघालं. तो कागद हातात घेऊन तो तुझ्यासमोर उभा आहे. अडीच वर्षं तो फक्त तुझ्यासोबत आहे, म्हणजे त्याला सुचणार काय? तो स्वतःवरच संशय घेईल. पुण्यात येण्याआधीचं कुणीतरी आठवेल, तेव्हाचं काहीतरी अंगात राहिलं असेल आणि मीच याला दिलं असेल असं म्हणून कदाचित तो तुझीच माफी मागेल. त्या वेळी तू काय करणार? गप्प बसलास तर तुझं पाप त्याच्या माथी मारल्यासारखं होईल, आणि तेव्हा बोललास तर आजच्यापेक्षा दहापट कठीण जाईल. आणि पॅकेजमध्ये एचआयव्ही पण घालू असं तू पुढे लिहिलंयस, ते तर अजिबात नको. एचआयव्हीची तपासणी माणसाला समजावून, त्याची संमती घेऊनच करायची असा आपल्याकडे कायदा आहे, २०१७ चा, तो लागू झाला १० सप्टेंबर २०१८ ला, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या निकालानंतर चारच दिवसांनी. निकाल आपल्या सगळ्यांना पाठ आहे, हा कायदा फार थोड्यांना माहीत असतो, खरं तर रोजच्या जगण्यात तो तितकाच कामाचा आहे.

मी हे सगळं वाचून किंवा ऐकून सांगत नाहीये. २००४ साली माझा तेव्हाचा जोडीदार आणि मी एकच स्कूटर वापरायचो. स्वारगेटला मामाने अडवलं, कागदपत्रं मागितली, मी डिकीतली प्लास्टिकची पिशवी काढली, आरसी बुक, पीयूसी आणि त्यांच्या मधे घडी घातलेला एका दवाखान्याचा केसपेपर, त्यावर गुप्तरोग विभागाचा शिक्का, वर त्याचं नाव, तारीख आठ महिन्यांपूर्वीची. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून तो वाचला. मामा पीयूसी बघून जा म्हणाला तरी मला किक मारता येईना. पुढे तपासणीत मला काही निघालं नाही. तरी चार महिन्यांत आम्ही वेगळे झालो. तो बाहेर कुणाकडे तरी गेला होता हे मी कदाचित पचवलं असतं, खरंच पचवलं असतं असं मला आजही वाटतं. पण आठ महिने रोज रात्री मी कुठला धोका घ्यायचा हे तो माझ्या वतीने ठरवत होता आणि सकाळी मला चहा करून देत होता, ते मात्र मला पचलं नाही.

म्हणून तुला या दोन गोष्टी वेगळ्या करायला सांगतोय. नवरात्रातली ती रात्र एकदा होऊन गेली. तुमच्यात बाहेर कुणाशी संबंध ठेवायचे की नाही यावर कधी बोलणंच झालं नव्हतं असं तू लिहितोस, "पण गृहीत होतं" असंही लिहितोस, त्यावर तुम्ही दोघं भांडाल, रडाल, काहीतरी ठरवाल, तो तुमचा प्रश्न आहे आणि त्यात मी न्यायाधीश होणार नाही. पण न सांगणं हे संक्रांतीपासून रोज नव्याने चाललंय. आजही केलंस. ते थांबवणं तुझ्या हातात आहे.

आता पैशांचं, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. तू लिहिलंयस, "तसा तो सोडून जाणार नाही, जाणार कुठे?" मित्रा, हे वाक्य एकदा मोठ्याने वाच. तू ते प्रेमाच्या खात्रीने लिहिलंस असं मला वाटतं, पण त्यात प्रेमाची खात्री नाहीये, भाड्याची आहे. त्याला कुठे जायला जागा नाही, परभणीला परत गेला तर वडील विचारणार पुणं का सोडलं, वर्षं का वाया घालवली, आणि त्याला खरं कारण सांगता येणार नाही. ज्याला जाता येत नाही त्याने राहणं म्हणजे तुला माफ करणं असं धरू नकोस.

त्याच्या वहीबद्दल तू किती कौतुकाने लिहिलंयस. लाल पुठ्ठ्याची वही, पहिल्या महिन्यापासून सगळं लिहून ठेवतो, किराणा १८६० निम्मे ९३०, अभ्यासिका १२००, गावी जायचं तिकीट, दाढीचं ब्लेडसुद्धा, आणि शेवटच्या पानावर पेन्सिलने बेरीज, १ लाख ८४ हजार, पोस्ट मिळाली की फेडणार म्हणे. तुला ती गंमत वाटते. मला वाचताना पोटात कालवलं. ज्याच्या डोक्यावर रोज वाढत जाणारी अशी बाकी आहे तो तुला कुठल्याही गोष्टीला 'नको' किती मोकळेपणाने म्हणत असेल? तू म्हणतोस दीड वर्षापूर्वी कंडोम सोडायचं तू सुचवलंस आणि तो लगेच बरं म्हणाला. असेलही मनापासून. पण तुला ते नक्की माहीत आहे का? कधी विचारलंयस? आपल्याकडे नवराबायकोच्या बाबतीत हे आपण पटकन ओळखतो, कमावणारा नवरा आणि घरात दबलेली बायको, त्यावर आपण तावातावाने बोलतो, आणि दोन पुरुषांच्या घरात तेच चाललेलं असलं की दिसत नाही कारण दोघांनाही मिश्या असतात. तू वाईट माणूस आहेस असं मी म्हणत नाहीये. तू त्याला शिकवतोयस, त्याच्या आईच्या ऑपरेशनला पैसे पाठवलेस, हे मी वाचलंय आणि मला त्याचं मोल आहे. फक्त पैसे देणाऱ्याला हळूहळू असं वाटायला लागतं की समोरच्यासाठी काय बरं ते मलाच जास्त कळतं, आणि तू "परीक्षेपर्यंत सांगत नाही" म्हणतोस त्यामागे तेच आहे.

तर सांगायच्या आधी एक काम कर. परीक्षा आणि त्यानंतरचे दोन महिने, एवढ्या काळाचा त्याचा खर्च काढ, भाडं तू भरतोसच, पण तो उद्या पेठेत कॉट बेसिसवर राहायला गेला तर जागा, मेस, अभ्यासिका मिळून किती लागेल ते. तेवढे पैसे बाजूला ठेव. त्याला सांगून झाल्यावर, त्याच दमात नको, नाहीतर गप्प राहण्याचे पैसे देतोय असं वाटेल, दुसऱ्या दिवशी शांतपणे सांग की तू माझ्यासोबत राहा, नको राहूस, बोल किंवा बोलू नकोस, या परीक्षेपर्यंतचा खर्च ठरल्याप्रमाणे चालू राहील आणि वेगळं राहायचं असेल तर हे पैसे तुझ्या खात्यात टाकतो. आणि मग खरंच टाक, त्याने तुझ्याशी अबोला धरला तरी. जायचा दरवाजा उघडा असताना तो राहिला, तरच तो राहिला असं तुला म्हणता येईल. मला माहितीय की यात तुझं नुकसान व्हायची शक्यता आहे, तो खरंच जाईल अशी. ती मी लपवत नाही.

सांगायचं कसं. फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर नको. झोपायच्या वेळी, बिछान्यात तर अजिबात नको. हॉटेलातही नको, त्याला रडू आलं तर बिचाऱ्याने कुठे जायचं. दुपारी तो जेवायला घरी येतो म्हणालास, जेवण होऊ दे, टीव्हीचा आवाज थोडा चालू ठेव कारण आपल्या फ्लॅटच्या भिंती पातळ असतात, आणि पहिल्या दोन मिनिटांत मुद्द्याचं बोल. साधारण असं: "नवरात्रात मुंबईत मी एकासोबत झोपलो. मला सिफिलिस झाला, संक्रांतीला कळलं, त्या रात्रीचा ताप त्याच्या इंजेक्शनचा होता. तुला झालेला असू शकतो, इंजेक्शनने पूर्ण बरा होतो. आपण सोमवारी जाऊ, किंवा तुला एकट्याला जायचं असेल तर पत्ता देतो." एवढंच. मग गप्प बस. तो शिव्या देईल, उठून जाईल, काहीच बोलणार नाही, जे करेल ते करू दे. मुंबईच्या मुलाचं नाव, फोटो, काय काय केलं हे सांगत बसू नकोस. तू इतका रडू नकोस की त्यालाच तुझी समजूत काढावी लागेल, पट्ट्या ठेवायचं काम त्याने एकदा केलंय. आणि "माफ केलंस ना?" हे त्या दिवशी विचारायचं नाही. एक शक्यता अशीही आहे की तो स्वतःबद्दल काहीतरी सांगेल, त्याचंही कुठे काही झालेलं असेल. दिवस बघता तुझा मुंबईतूनच आला असं दिसतं, संबंध आल्यापासून १० ते ९० दिवसांत कधीही जखम उठते, बहुतेकांना तिसऱ्या आठवड्याच्या आसपास, पण त्याने काही सांगितलंच तर त्याची ढाल करून स्वतः मोकळा होऊ नकोस.

कुठे जायचं तर तुझ्या त्या प्रायव्हेट डॉक्टरांकडेच गेलं पाहिजे असं नाही. ससूनसारख्या सरकारी हॉस्पिटलांत, जिल्हा रुग्णालयांत, मेडिकल कॉलेजांत गुप्तरोगांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतं, तपासणी आणि औषध फुकट, एचआयव्हीची टेस्ट तिथल्याच आयसीटीसी या तपासणी केंद्रात. हे मुद्दाम सांगतोय कारण त्याने तुझ्या पैशांशिवाय उपचार घ्यावेत असं त्याला वाटलं तर त्याला ती सोय माहीत असली पाहिजे, नाहीतर वहीत अजून एक ओळ वाढेल. फोनवर विचारायचं तर १०९७ ही एड्स नियंत्रणाची फुकट हेल्पलाइन आहे. पुण्यात समपथिक ट्रस्ट, मुंबईत हमसफर ट्रस्ट, या समलिंगींसाठीच्या संस्थांनी वर्षानुवर्षं हेच काम केलंय, तिथे "लग्न झालंय का, बायकोला आणा" अशी सुरुवात होत नाही. तुझ्या डॉक्टरांनी तेच विचारलं आणि तू अनमॅरीड म्हणून सुटलास, तसं करू नकोस, जोडीदार आहे, पुरुष आहे, हे डॉक्टरला सांगितलं तरच त्यांना कुठे काय तपासायचं ते कळतं. आणि दोघांची इंजेक्शनं होऊन दोन आठवडे होईपर्यंत, जखमा-चट्टे पूर्ण जाईपर्यंत, काहीच नाही, तोंडानेसुद्धा नाही.

मुंबईच्या मुलाकडे येतो. "पैसे देऊन झालेत." त्याने कॅबसाठी मागितले असतील, किंवा तो त्याचा पोटापाण्याचा भाग असेल, दोन्हीत मला काही गैर दिसत नाही आणि तुलाही दिसू नये. पण २ हजार तू त्याच्या येण्याजाण्याचे दिलेस, किंवा त्याच्या वेळेचे म्हण. त्याने अंधारात राहावं याचे ते पैसे नव्हते. उलट तो अजून दहा जणांना भेटत असेल तर त्याला कळणं जास्तच गरजेचं, आणि तुझ्याकडे अ‍ॅपवरचं चॅट आहे, म्हणजे सांगायची सोय आहे. लिही: "आपण नवरात्रात भेटलो होतो. मला नंतर सिफिलिस निघाला, उपचार झालेत. कुणाचा कुणाला ते मला माहीत नाही आणि मी दोष देत नाहीये. तू व्हीडीआरएल करून घे, सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये फुकट होते, इंजेक्शनने बरा होतो." रिपोर्टचा फोटो पाठवू नकोस, त्यावर तुझं पूर्ण नाव असतं. तो ब्लॅकमेल करेल अशी तुला भीती आहे, ती अगदीच निराधार नाही, असे प्रकार होतात. झालंच तर एकही पैसा द्यायचा नाही, एकदा दिला की मागणी वाढते, स्क्रीनशॉट ठेवायचे, ब्लॉक करायचं, पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन. दोन सज्ञान पुरुषांचा राजीखुशीचा संबंध ६ सप्टेंबर २०१८ पासून गुन्हा नाही, आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेत तर ३७७ सारखं कलमच नाही, खंडणी मागणं मात्र गुन्हा आहे. पोलिसात एकट्याने जायची छाती होत नसेल तर संस्थेतल्या कुणाला तरी सोबत ने.

रक्तदान. या वर्षी देऊ नकोस. दिलेल्या रक्ताची सिफिलिससाठी तपासणी होतेच, पण तपासणी होते म्हणून दूषित रक्त द्यायचं नसतं. ऑफिसात सांगायला खरं कारण तुझ्याकडे आहे, अँटिबायोटिकचं इंजेक्शन झालंय, एवढं म्हण, पुढे कुणी विचारत नाही. आणि एक गोष्ट तुला बहुतेक माहीत नसेल, आपल्याकडच्या २०१७ च्या नियमांनुसार पुरुषाशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला रक्तदान करताच येत नाही, निरोगी असला तरी. मला तो नियम चुकीचा वाटतो, कारण तो माणूस काय करतो यापेक्षा माणूस कोण आहे हे बघतो, त्याविरुद्ध लोक सुप्रीम कोर्टातही गेलेत. पण तो वाद वेगळा, तो फॉर्मवर खोटी टिक करून लढायचा नसतो, कारण पलीकडे रक्त घेणारा कुणीतरी पेशंट असतो. शिबिरात हात लागेल असं दुसरं काम असतंच, नोंदणीच्या टेबलावर बस.

अशाच पेचात असलेले बाकीचे जण हे वाचत असतील, त्यांच्यासाठी चार गोष्टी घाईत. एकाहून जास्त जणांशी संबंध येत असतील तर दर तीन महिन्यांनी सिफिलिस आणि एचआयव्ही तपासा, तारीख मोबाइलमध्ये लावून ठेवा. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर घ्या, तीन डोस असतात. कंडोम फाटला किंवा राहूनच गेला तर ७२ तासांच्या आत एचआयव्ही टाळण्यासाठीच्या पेपच्या गोळ्या सुरू करता येतात, २८ दिवसांचा कोर्स, जितक्या लवकर तितकं बरं. आधीपासून रोज घ्यायची प्रेपची गोळीही भारतात मिळते, पण ती एचआयव्हीपुरतीच, सिफिलिसला तिचा उपयोग नाही. एचआयव्हीसोबत जगणारा जोडीदार नियमित औषधावर असेल आणि त्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, तपासणीत सापडत नसेल तर संबंधांतून त्याच्याकडून तो होत नाही, तेव्हा अशा मुलांना अ‍ॅपवर हाकलून देणं बंद करा.

आणि पैशांचं, जे एकत्र राहतात त्यांनी भाडेकराराचं नूतनीकरण कराल तेव्हा दोघांची नावं घाला, म्हणजे भांडण झालं की रातोरात एक जण रस्त्यावर येत नाही. जोडीदारासोबत जॉइंट खातं काढायला आणि त्याला नॉमिनी करायला कसलीही बंदी नाही, हे सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये लेखी स्पष्ट केलंय, बँकेत नाही म्हणाले तर तेच सांगा. फक्त नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, आपल्या लग्नाला कायद्याची मान्यता नाही तोवर मृत्युपत्र नसेल तर सगळं आईवडिलांकडे, ते नसतील तर भावाबहिणींकडे जातं. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही करून मृत्युपत्र होतं.

तुझ्याकडे परत येतो. सहा महिन्यांनी टायटर, म्हणजे व्हीडीआरएलमधलं प्रमाण, पुन्हा तपास, डॉक्टर तारीख देतील, तुझं १:६४ होतं ते उतरत गेलं पाहिजे. टीपीएचए (सिफिलिसची दुसरी रक्ततपासणी) मात्र बहुतेकांचं जन्मभर पॉझिटिव्हच राहतं, पुढे कुठल्या नवीन लॅबमध्ये ते बघून घाबरू नकोस आणि त्यालाही हे आधीच सांगून ठेव. वहीचा विषय त्या दिवशी तू काढू नकोस, "फाडून टाक ती" असं तर बिलकुल म्हणू नकोस, ती त्याची आहे, तिचं काय करायचं ते तो बघेल.

सोमवारी गेलात तर केसपेपरच्या रांगेत नऊच्या आत उभे राहा. या तपासण्यांना उपाशीपोटी जावं लागत नाही, दोघं खाऊन निघा. आणि सरकारी दवाखान्यात त्याचं नाव पुकारलं की तू आत जायचं की बाहेर बाकावर बसायचं, हे त्याला विचार.